क्रूझ कंपनीच्या खासगी बेटावर एकच दिवस मिळणार आहे, त्याचे नियोजन कसे करावे?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण अमेरिकेत माझ्या भावाकडे जात आहोत. त्याने स्वतः, वहिनी आणि आम्हा सर्वांसाठी फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हेरल बंदरातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या चार रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. या प्रवासात एक पूर्ण दिवस जहाज कोकोके या कंपनीच्या खासगी बेटावर थांबणार आहे. हे बेट बहामा देशातील बेरी बेटांच्या समूहात असून त्याचे मूळ नाव लिटल स्टिरप के असे आहे, एवढी माहिती मी गोळा केली आहे. प्रश्न त्या एका दिवसाचा आहे.

माझ्यासोबत यजमान, पंधरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. पंढरपूर, पैठण, काशी अशा साऱ्या यात्रा त्यांनी केल्या, परंतु समुद्र त्यांनी आजवर कधीच पाहिलेला नाही. मुलाला उंच घसरगुंड्यांवर जायचे आहे, मुलीला वाळूत खेळायचे आहे, यजमानांना शांतता हवी आहे आणि आम्ही सर्व शाकाहारी आहोत. सकाळी केव्हा उतरावे, कुठे बसावे, पैसे देऊन घ्यायच्या गोष्टी खरोखर घ्याव्यात का, आणि सासूबाईंना हा दिवस सुखाचा कसा होईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, आम्ही गेल्या वर्षी मुलाच्या कुटुंबाबरोबर याच बेटावर गेलो होतो आणि माझी आई सोबत होती, त्यामुळे तुमची काळजी मला नीट समजते.

सर्वांत आधी दिवस किती तासांचा आहे हे पाहा. जहाज साधारणपणे सकाळी सातच्या सुमारास धक्क्याला लागते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते, परंतु सर्वांनी परत चढण्याची वेळ त्याआधीची असते. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात किंवा कंपनीच्या ॲपवर दिलेली असते. नियोजन त्या वेळेपासून मागे मोजत करावे. परतताना धक्क्यावर तपासणीची रांग लागते, आणि वृद्ध माणूस बरोबर असेल तर शेवटच्या तासात धावपळ करणे अशक्य असते. आम्ही दुपारी तीन वाजता आवरायला घेतले आणि कुणाच्याही कपाळाला आठी न पडता जहाजावर पोहोचलो. हे उरकायचे असेल तर सकाळ लवकर सुरू व्हायला हवी. पहिल्या तासात उतरणाऱ्यांना झाडाखालच्या किंवा छत्रीखालच्या खुर्च्या मिळतात. दहानंतर जे येतात त्यांना उन्हातल्या खुर्च्यांवर समाधान मानावे लागते, कारण या धक्क्याला एकाच वेळी दोन मोठी जहाजे लागू शकतात आणि मग बेटावर आपल्याकडच्या मोठ्या बाजारगावाएवढी माणसे उतरतात.

किनाऱ्यावरच्या खुर्च्या आणि छत्र्या फुकट आहेत, त्यासाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही. आईसाठी जागा निवडताना मी शेतातला हिशेब लावला. खळ्यावर लिंबाखाली बसणाऱ्याला ठाऊक असते की सकाळची सावली पश्चिमेकडे पडते आणि दुपारनंतर पूर्वेकडे सरकते. बहुतेक लोक सकाळी जिथे सावली दिसते तिथे खुर्ची टाकतात आणि दुपारी ऐन जेवणानंतर उन्हात येतात. आम्ही झाडाच्या पूर्वेला खुर्च्या टाकल्या, सकाळचा कोवळा तास छत्रीवर काढला, आणि पुढे दिवसभर आईला उठावे लागले नाही.

गुडघ्यांविषयी सांगायचे, तर कोकोकेला जहाज थेट धक्क्याला लागते, त्यामुळे लहान होडीत उतरण्याचा प्रश्न येत नाही. धक्का मात्र लांब आहे. तो ओलांडल्यावर बेटावर फिरणारी मोफत ट्राम मिळते. शिवाय वाळूत चालणारी, रुंद चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. मात्र अशा खुर्च्या मोजक्याच असल्याने जो आधी मागेल त्याला ती दिली जाते, म्हणून हेही सकाळीच करावे लागते.

लातूरची लेक (सध्या टॅम्पा, फ्लोरिडा)

गोदाकाठ काकांनी सांगितलेल्या सकाळच्या वेळेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी पैशांविषयी आणि जेवणाविषयी लिहिते.

या बेटाचे सध्याचे रूप २०१९ साली सुरू झाले. त्यात फुकट काय आणि पैसे देऊन काय, हे आधी नीट वेगळे केले पाहिजे. चिल आयलंड आणि साउथ बीच हे किनारे, ओॲसिस लगून नावाचा गोड्या पाण्याचा प्रचंड तलाव आणि लहान मुलांसाठीचे कारंजांचे खेळ हे सर्व तिकिटातच येते. थ्रिल वॉटरपार्क, दोरीला बांधलेला हेलियमचा फुगा, कोको बीच क्लब आणि २०२४ मध्ये उघडलेला केवळ प्रौढांसाठीचा हाइडअवे बीच यांचे पैसे वेगळे पडतात. तुमच्या कुटुंबासाठी मला यांतील फक्त वॉटरपार्क, आणि तोही फक्त मुलासाठी, विचारात घेण्यासारखा वाटतो. तिथली डेअरडेव्हिल्स पीक ही घसरगुंडी १३५ फूट उंच आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ती आयुष्यभर लक्षात राहील. सर्वांसाठी सरसकट प्रवेश घेऊ नये, कारण जो माणूस घसरगुंडीवर जाणारच नाही त्याने आत बसण्यासाठी एवढे पैसे मोजणे मला पटत नाही.

या प्रवेशाचा दर ठरलेला नसतो. तो जहाज आणि तारीख यांनुसार बदलतो आणि प्रवासाआधी संकेतस्थळावर घेतल्यास बहुधा स्वस्त पडतो. घेतल्यानंतर दर उतरला, तर प्रवास सुरू होण्यापूर्वी रद्द करून पुन्हा घेता येतो, म्हणून भावाला अधूनमधून पाहत राहायला सांगा. मुलीची उंची मात्र आजच भिंतीशी उभी करून मोजा. मोठ्या घसरगुंड्यांना ४८ इंचांची, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरची अट असते. सात वर्षांचे मूल नेमके या रेषेच्या आसपास असते. तिथे रांगेत उभे राहून शेवटी पट्टीखाली डोके गेले की लेकराचा चेहरा पाहवत नाही.

बेटावर जेवण फुकट असले तरी ते प्रामुख्याने बर्गर, चिकन आणि टॅको यांचे असते. शाकाहारी माणसाला सॅलड, फळे, तळलेले बटाटे आणि मागितल्यास भाज्यांचा बर्गर मिळतो. शाकाहाराची नोंद भावाने आरक्षणातच करून ठेवावी. सासूबाईंसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे दुपारी जहाजावर परत जाऊन जेवणे. जहाजावरचे बुफे त्या दिवशीही सुरू असते आणि तिथे भात, डाळ किंवा एखादी रस्साभाजी मिळण्याची शक्यता बेटापेक्षा पुष्कळ जास्त असते. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मन मोडणार नाही. घरी केलेले धपाटे आणि दशम्या डब्यात घालून बेटावर नेता येत नाहीत. कारखान्यात बंद केलेली, सीलबंद पाकिटे चालतात. माझ्या आईने केवढ्या हौसेने केलेले धपाटे विमानतळापासून जहाजापर्यंत जपले होते, आणि अखेर ते आम्हाला बंदराबाहेरच संपवावे लागले.

पूर्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला आत्ताच दाराच्या चौकटीशी उभे करून मोजले, ती ११९ सेंटिमीटर भरली. मे महिन्यापर्यंत काय होते ते पाहू, परंतु तिला आधीच समजावून ठेवणार आहे.

आणखी एक विचारायचे राहिले. यजमान आणि मुलगा दोघेही आमच्या गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेले आहेत आणि दोघांनाही आपल्या पोहण्याचा अभिमान आहे. समुद्रात त्यांना मोकळे सोडावे का?

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, या प्रश्नासाठी मी खास लिहायला बसलो, कारण मीसुद्धा पाठीला पांगऱ्याचा ओंडका बांधून विहिरीतच पोहायला शिकलो आहे.

विहिरीत पोहणाऱ्याच्या अंगात तीन सवयी मुरलेल्या असतात आणि तिन्ही समुद्रात उलट्या पडतात. पहिली सवय सूर मारण्याची. विहिरीत पाणी खोल आहे हे ठाऊक असते, म्हणून आपण काठावरून डोके खाली घालून बिनधास्त उडी घेतो. महाविद्यालयात असताना सहलीला कोकणात गेलो, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात धावत जाऊन मी तसाच सूर मारला आणि कपाळ थेट वाळूच्या उंचवट्यावर आदळले. मान वाचली ते माझे नशीब. दहा दिवस मला मान वळवता येत नव्हती आणि दोन बोटांना मुंग्या येत होत्या. त्या दोघांना कृपया निक्षून सांगा की समुद्रात उडी मारायची नाही, पायांनी चालतच आत जायचे.

दुसरी सवय पाण्याच्या खोलीच्या अंदाजाची. आपल्या विहिरीचे पाणी हिरवट असते, तळ दिसत नाही, म्हणून माणूस सावध राहतो. बहामाचे पाणी काचेसारखे नितळ आहे, कारण तिथली पांढरी वाळू मातीची नसून चुनखडीच्या बारीक कणांची आहे आणि गाळ आणणारी एकही नदी त्या बेटांवर नाही. अशा पाण्यात तळ जवळ दिसतो. पाण्यातून वरून पाहताना तळ खऱ्या खोलीच्या साधारण तीन चतुर्थांशावर असल्यासारखा भासतो. आठ फूट पाणी सहा फुटांचे वाटते. न पोहणाऱ्यासाठी आणि लहान मुलीसाठी हा भास धोक्याचा आहे.

तिसरी सवय म्हणजे दमल्यावर कडेची पायरी धरायची. समुद्राला कड नसते. दमेपर्यंत आत पोहत गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर परतही यायचे असते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहावे आणि पाय टेकतील एवढ्याच पाण्यात राहावे. ओढ जाणवली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत बसू नये, आडवे पोहून ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावे. कोकोकेचे पोहण्याचे किनारे बरेचसे आडोशाचे आहेत आणि जीवरक्षक नेमलेले असतात, ही जमेची बाजू. तरी मुलीला तिथे मिळणारे जीवरक्षक जॅकेट सकाळीच घालावे आणि पाण्यात असेतोवर ते काढू नये.

मांजरा (लातूर)

मी डॉक्टर आहे, म्हणून उन्हाविषयी आणि सासूबाईंच्या मधुमेहाविषयी लिहिते.

मराठवाड्यातल्या माणसाला ऊन नवे नाही, आणि नेमका तिथेच घात होतो. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाहीलाही होते, म्हणून आपण डोक्याला उपरणे किंवा पदर घेऊन सावली धरतो. समुद्रावर मात्र सतत गार वारा लागत असतो, अंग ओले असते, तापमानही आपल्या बेचाळीस अंशांच्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि माणसाला वाटते की हे काय ऊन आहे! परंतु कातडी भाजते ती उष्णतेमुळे नव्हे, अतिनील किरणांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, म्हणजे छत्रीखाली बसलेल्या माणसालाही ते खालून लागतात. सावळ्या कातडीला भाजत नाही हा गैरसमज आहे. सनस्क्रीन बेटावर पोहोचल्यावर लावू नये. जहाजावरून निघण्यापूर्वी लावावे आणि पुढे दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. कान, मानेची मागची बाजू आणि पायांचे पंजे हमखास राहून जातात. मुलीला लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घेतलात, तर निम्मी काळजी मिटेल.

सासूबाईंच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी काळजी त्यांच्या तळपायांची आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना अनेकदा मंदावलेली असते. दुपारच्या तापलेल्या वाळूवर आपण दोन पावलांत उड्या मारू लागतो, पण अशा माणसाला चटका कळतच नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड आलेले दिसतात. अशी जखम भरायला आठवडेच्या आठवडे लागतात. त्यांना पाण्यात चालणारे, मागे पट्टा असलेले रबरी बूट घ्या आणि ते वाळूतही काढायचे नाहीत आणि पाण्यातही काढायचे नाहीत. देवाच्या पाया पडायला चप्पल काढावी तशी त्यांची समुद्राजवळ बूट काढण्याची इच्छा होईल, म्हणून हे आत्ताच बोलून ठेवा. रात्री खोलीत दिव्याखाली दोन्ही तळवे पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट.

त्या इन्सुलिन घेत असतील, तर ते उन्हात पिशवीत ठेवू नका, थंड राहील अशा पाऊचमध्ये ठेवा. जेवणाची वेळ चुकवू नका आणि साखर खाली गेल्यास लगेच देण्यासाठी ग्लुकोजची किंवा बिस्किटांची सीलबंद पाकिटे जवळ बाळगा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास त्या दिवशीच्या पाण्याविषयी तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्या.

सिंदफणा (बीड)

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी एवढीच भर घालतो की सर्व खासगी बेटांवर जहाज धक्क्याला लागत नाही. प्रिन्सेस कंपनीच्या प्रिन्सेस केजवर लहान होड्यांतून उतरावे लागते आणि लाटा असतील तर गुडघेदुखीच्या माणसाला त्या होडीत पाऊल टाकणे फार अवघड जाते. डिस्नेच्या कास्टअवे केला १९९८ पासून धक्का आहे. वृद्धांना नेणाऱ्यांनी किनारा किती सुंदर आहे हे पाहण्याआधी ही गोष्ट पाहावी. दुसरे असे की हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यांमुळे बेटाचा थांबाच रद्द होऊ शकतो, धक्का असला तरीही. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, तेव्हा ताईंचा मे महिना त्या दृष्टीने योग्य आहे. थांबा रद्द झाला, तर कंपनीकडून घेतलेल्या वॉटरपार्कसारख्या गोष्टींचे पैसे परत मिळतात.

पूर्णाकाठ

मांजरा ताई, तुम्ही म्हणालात तसेच झाले. सासूबाईंना बुटांविषयी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गंगेला कुणी चपला घालून जातं का?" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. शिवाय समुद्राला नारळ, हळदकुंकू आणि फुले वाहण्याची त्यांची इच्छा आहे. पहिल्यांदाच दर्शन होणार आहे, रिकाम्या हाताने कसे जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. याला नाही म्हणणे माझ्या जिवावर येते.

गोदाकाठ

ताई, आमच्या आईचाही नेमका हाच आग्रह होता. नारळ, फुले यांसारख्या गोष्टी जहाजावरून बेटावर नेऊ देत नाहीत आणि त्या पाण्यात काही टाकणेही योग्य नाही. मी आईला सांगितले की समुद्राकडे सगळेच आहे, त्याला आपला नमस्कार पुरे.

ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. मी दंड धरला होता. पदर कमरेला खोचून ती वाकली, दोन्ही हातांची ओंजळ भरली, पूर्वेकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य दिले आणि उरलेले ओले हात, नांदेडच्या घाटावर करते तसे, डोळ्यांना लावले. क्षणात डोळे चुरचुरू लागले. ती दचकली, मग जीभ ओठांवर फिरवून म्हणाली, "खरंच खारट आहे रे!" सत्तर वर्षे ऐकलेली गोष्ट तिने त्या वेळी पहिल्यांदा चाखली. तेव्हा पिण्याच्या पाण्याची बाटली हाताशी ठेवा, डोळ्यांवर मारायला लागेल. आणि बुटांचे म्हणाल, तर आईला मी एवढेच म्हणालो की वारीत पायाला फोड आले तर पांडुरंग रागावतो का, मग बूट घातल्याने समुद्र कशाला रागावेल? तिला ते पटले.

पहाटेचे ऊन कोवळे असते, वाळू गार असते आणि गर्दीही नसते. अर्घ्याची वेळही तीच असते. आजींचा समुद्र सकाळी आठच्या आत उरकून घ्या, बाकी सर्वांचा दिवस त्यानंतर सुरू करा.

पूर्णाकाठ

काका, तुमचे लिहिणे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि बुटांना होकार दिला.

आता आमचे असे ठरले आहे. सकाळी सहाला न्याहारी, सनस्क्रीन जहाजावरच, उतरायला सुरुवात होताच आम्ही सर्व सोबत उतरणार आणि यजमान पुढे जाऊन चाकांची खुर्ची मागणार. आधी सासूबाईंचे अर्घ्य, मग झाडाच्या पूर्वेला जागा. वॉटरपार्कचा प्रवेश मुलगा आणि त्याच्या मामापुरताच घेणार आहोत. मुलगी माझ्याबरोबर वाळूत आणि लहान मुलांच्या कारंजांत राहील. साडेअकराला मी आणि यजमान सासूबाईंना घेऊन जहाजावर जेवायला जाऊ, मुलीला तोवर वहिनी पाहील. ऊन उतरू लागल्यावर सासूबाईंना पुन्हा यायचे असेल तर आणू, नाहीतर त्या खोलीत पडतील. दुपारी तीनला आवराआवर. फुग्याचा विचार सोडला.

एकच शंका उरली. त्या नऊवारी नेसतात. गोड्या पाण्याच्या तलावात त्या साडीत पाय सोडून बसू शकतील का?

लातूरची लेक

काठावर बसून पाय सोडायला कुणाची हरकत नसावी, परंतु तलावात उतरण्यासाठी पोहण्याचेच कपडे लागतात. भिजलेली नऊवारी फार जड होते आणि पायांत अडकते, त्यामुळे समुद्रातही त्यांनी घोट्याच्या वर जाऊ नये. साडी सुती न घेता पटकन वाळणारी घ्या, आणि एक कोरडी जोडी सोबत ठेवा.

निघताना प्रत्येकाचे जहाजाचे कार्ड आणि मोठ्यांचे छायाचित्र असलेले ओळखपत्र बरोबर हवे, कारण परत चढताना ते विचारले जाऊ शकते. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवलेले बरे. आणि भावाकडून एकदा खात्री करून घ्या की तुम्हा पाचही जणांचे अमेरिकेचे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचे आहेत. जहाज बहामाला जाऊन अमेरिकेत परत येते, तेव्हा तो नव्याने केलेला प्रवेश असतो.

पूर्णाकाठ

पाचही व्हिसा आत्ता कपाटातून काढून पाहिले. सर्वांवर अनेक प्रवेशांचा शिक्का आहे. उद्या बाजारात जाऊन सासूबाईंच्या मापाचे रबरी बूट पाहते.